कॉकटेल पार्टीची यजमानीण कुठे बसते?

आजचा भाग माझ्या स्वयंपाकघरातून सुरू होतो.

३१ डिसेंबरला आमच्याकडे सोळा माणसं येणार आहेत. आम्ही राहतो बडोद्याला, म्हणजे दारूबंदीच्या राज्यात. तरी माझ्या भाचीने सगळ्यांना निमंत्रण पाठवताना बिनदिक्कत 'कॉकटेल पार्टी' असं लिहिलं. शेजारच्या काकांचा लगेच फोन आला, "परमिट कोणाकडे आहे?" कोणाकडेच नाही. दारू नसेल, काका. बाकी सगळं असेल.

हे 'बाकी सगळं' म्हणजे काय, ते ठरवायला मी वही घेऊन बसले. डाव्या पानावर पदार्थ, उजव्या पानावर कोण करणार त्याचं नाव. डावं पान दहा मिनिटांत भरलं. बटाटेवडे, कोथिंबीरवडी, कटलेट, मिरचीची भजी, पनीर टिक्का. उजव्या पानावर मात्र वरपासून खालपर्यंत मी, मी, मी, आणि एका ओळीत आई. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे.

मग मला आमच्या जुन्या अल्बमची आठवण झाली. वडिलांच्या कारखान्यातली मंडळी १९८६ च्या ३१ डिसेंबरला आमच्याकडे आली होती, त्याचे अकरा फोटो त्यात आहेत. आई एकाही फोटोत नाही. एका फोटोत उजवीकडून वड्यांची थाळी आत येताना दिसते आणि थाळीखाली कोपरापर्यंतचा हात. बांगड्यांवरून कळतं, हात आईचा आहे.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे अशा वेळी स्वयंपाकाच्या पुस्तकाआधी हात दुसऱ्याच पुस्तकांकडे जातो. घरातली कॉकटेल पार्टी ही कल्पना मुळात आली कुठून? तिचा मेन्यू कोणी आणि कशासाठी असा आखला? थोडं खोदलं तेव्हा लक्षात आलं की आपण या पार्टीतला पेला उचलला, नाव उचललं, उभं राहून खाण्याची पद्धतही उचलली. पण ती पार्टी ज्या एका सोयीसाठी उभी राहिली, ती सोय आपण वाटेत कुठेतरी विसरून आलो.

गोष्ट अमेरिकेतली आहे. 'कॉकटेल' या शब्दाची छापील व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकात आली. कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे मुळ्या-सालींचा कडू अर्क. बस्स, चारच गोष्टी. पण हे पेय बारमध्ये प्यायचं होतं. तिथल्या सलूनमध्ये (केस कापायच्या नव्हे, दारूच्या) पुरुष जात, प्रतिष्ठित घरातल्या बायका जात नसत. सलूनमध्ये एक प्रथा होती, 'फ्री लंच'. पेयाचे पैसे द्या, खाणं फुकट. खाण्यात काय, तर हॅम, सॉसेज, लोणच्याच्या काकड्या, राय धान्याचा पाव, खारवलेले मासे. सगळं खारट! खारट खाल्लं की तहान लागते, तहान लागली की दुसरा पेला. आपल्याकडे चकन्याच्या बशीत खारे दाणे आणि शेव का असते, याचं उत्तर वेगळं शोधायला नको.

घरातली पहिली कॉकटेल पार्टी म्हणून जिचं नाव बहुतेक वेळा घेतलं जातं ती बाई म्हणजे सेंट लुईस शहरातली क्लारा बेल वॉल्श. १९१७ च्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी बारा वाजता तिने पन्नास माणसांना घरी बोलावलं. काही जण थेट चर्चमधून आले होते, काही मोटारीतून फेरफटका मारून. बरोबर तासाभराने, जेवणाच्या वेळेला, सगळे उठून गेले. वर्तमानपत्राला हा प्रकार इतका नवलाचा वाटला की त्याची बातमी झाली. पुढे १९२४ मध्ये ते घर चर्चने विकत घेतलं आणि तिथे आर्चबिशप राहायला आले. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

वॉल्शबाईंच्या त्या दुपारीनंतर तीन वर्षांच्या आत अमेरिकेत देशभर दारूबंदी आली, १७ जानेवारी १९२० पासून. आणि इथे कायद्याची एक बारीक तरतूद फार महत्त्वाची आहे. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा होता. पिणं हा नव्हता. रीतसर मिळवलेली दारू स्वतःच्या राहत्या घरात ठेवायला, कुटुंबाने आणि घरी आलेल्या खऱ्याखुऱ्या पाहुण्यांनी ती प्यायला व्होल्स्टेड कायद्याने मुभा दिली होती. प्रत्यक्षात चोरीची दारूच जास्त वाहिली, तो भाग निराळा. पण परिणाम बघा. सलून बंद झाले आणि पिणं दिवाणखान्यात आलं. दिवाणखाना बाईच्या ताब्यातला. ज्या घरंदाज बाईला सलूनच्या दारात उभं राहता येत नव्हतं, ती आता स्वतःच यजमानीण झाली.

त्याच सुमारास तिच्या स्वयंपाकघरातली माणसं कमी होत होती. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर घरकाम करणाऱ्या बायका कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत गेल्या. आचारी आणि वाढपी ठेवून सात पदार्थांचं साग्रसंगीत जेवण देणं मध्यमवर्गीय घराला परवडेनासं झालं. अशा बाईपुढे प्रश्न होता: वीस माणसांना घरी बोलवायचं, आदर राखायचा, आणि तरी आपण स्वतः त्या खोलीत असायचं, हे जमवायचं कसं?

कॉकटेल पार्टीचा मेन्यू हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. दिसायला चैनीचा, पण आतून काटकसरीचा.

वेळेचंच बघा. लंडनमध्ये ॲलेक वॉ नावाच्या लेखकाने (ईव्हलिन वॉ याचा थोरला भाऊ) कॉकटेल पार्टी आपणच शोधली असा दावा केला. १९२० च्या दशकाच्या मध्यावर त्याने लोकांना चहाला बोलावलं आणि साडेपाचच्या सुमाराला चहाऐवजी कॉकटेल फिरवलं. त्याची तक्रार अशी की संध्याकाळी साडेपाच ते साडेसात लंडनमध्ये करण्यासारखं काही नसतं. दावा सोडून देऊ, वॉल्शबाई त्याच्या आधीच्या. पण त्याला जे दोन तास दिसले ते नेमके होते. चहा संपलेला, जेवण दूर. या पोकळीत बोलावलं की जेवू घालावं लागत नाही. हे आपल्या मनाला पटणं महाकठीण. आमच्याकडे साडेसातला बोलावलं की पाहुणा विचारतो, "जेवूनच जायचं ना?" आणि आपण म्हणतो, "म्हणजे काय!" झालं, वहीच्या डाव्या पानावर पुलाव आणि मठ्ठा वाढला.

दुसरी गोष्ट हाताची. एका हातात पेला असतो, म्हणून खाणं दुसऱ्या एका हाताने, काट्या-चमच्याशिवाय, दोन घासांत संपणारं हवं. 'कॅनपे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ चक्क सोफा. पावाचा छोटा तुकडा हा सोफा आणि वरचा पदार्थ त्यावर बसलेला पाहुणा. रस ओघळायला नको, सुरी लागायला नको. बशीही नसली तर उत्तम, कारण मग बशा धुवायच्या नाहीत.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. सगळं आधी करून ठेवायचं.

दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ ला उठली, अगदी नाताळच्या तोंडावर. मधल्या तेरा वर्षांत लागलेली घरच्या पार्टीची सवय मात्र उठली नाही. ती इतकी रुजली की १९३७ मध्ये जेम्स बिअर्ड नावाच्या माणसाने भागीदारांबरोबर न्यूयॉर्कमध्ये फक्त कॉकटेल पार्टीचे खाद्यपदार्थ पुरवणारं दुकान काढलं. बिअर्ड पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा पाककलालेखक झाला, पण त्याचं १९४० मधलं पहिलं पुस्तक या छोट्या छोट्या घासांवरच आहे. त्याच्या दुकानातला गाजलेला पदार्थ कुठला असेल? कांद्याचं सँडविच. मऊ गोड पावाच्या पातळ गोल चकत्या, मध्ये कच्च्या कांद्याची चकती, मेयोनीज, आणि कडा मेयोनीजमध्ये बुडवून बारीक चिरलेल्या पार्सलीत फिरवलेल्या. हिरवी किनार असलेला रुपयाच जणू. सकाळी करून ठेवायचं, झाकून गार करायचं, संध्याकाळी बाहेर काढायचं. आच नाही, तळण नाही.

मी हे करून पाहिलं. पार्सलीऐवजी कोथिंबीर, बिनअंड्याचं मेयोनीज, कांदा मिठाच्या बर्फगार पाण्यात अर्धा तास. फारच छान लागतं. आमचे जैन शेजारी येणार आहेत, त्यांच्यासाठी कांद्याच्या जागी काकडी. सगळी मिळून चाळीस सँडविचं बावन्न मिनिटांत झाली, घड्याळ लावून मोजलं.

नंतरच्या काळात ही सोय आणखी सोपी झाली. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कोणीतरी लिप्टनच्या कांद्याच्या सूपची कोरडी पूड आंबट सायीत कालवली आणि बटाट्याच्या वेफर्सबरोबर ठेवली. ही 'कॅलिफोर्निया डिप' देशभर पसरली, पुढे कंपनीने स्वतःच ती कृती खोक्यावर छापली. पाककलेचे जाणकार तिला नाकं मुरडतात. मला त्यात एक दमलेली बाई दिसते, जिने पाच मिनिटांत काम उरकलं आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसली. आपल्याकडे याला चक्का आहेच की. चक्का, कुरकुरीत तळलेला कांदा चुरून, मीठ, मिरपूड. त्यात वेफर्सऐवजी भाकरवडी बुडवून बघा, आणि मग मला सांगा.

आता आपल्याकडे काय झालं? साहेब इथे होता तेव्हा त्याच्या बंगल्यावर खानसामा होता, मसालची होता, खिदमतगार होता. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं १८८८ चं इंग्रज मेमसाहेबांसाठीचं गाजलेलं पुस्तक बघितलं तर त्यात पाककृतींच्या बरोबरीने नोकरांची कामं आणि त्यांच्यावर ठेवायची नजर भरलेली आहे. अशा घरात गरम कटलेट, गरम टोस्ट, एकामागून एक थाळ्या बाहेर येणं सोपं होतं, कारण आत चार माणसं राबत होती. क्लबमधून, पलटणीतून, कंपनीच्या बंगल्यांतून ही पद्धत आपल्या मध्यमवर्गात झिरपली. खानसामा मात्र झिरपला नाही. त्याच्या जागी आई उभी राहिली. म्हणजे आपण पार्टी घेतली अमेरिकन बाईची, आणि तिचं स्वयंपाकघर चालवलं मेमसाहेबाच्या हिशेबाने. माझं हे मत कोणाला टोकाचं वाटेल. अकरा फोटो आहेत माझ्याकडे.

कायद्याचंही थोडं बोलायला हवं, काकांनी विषय काढलाच आहे. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. अमेरिकेच्या कायद्यापेक्षा हा एका बाबतीत फार कडक. इथे विनापरवाना पिणं हाच गुन्हा, मग ते स्वतःच्या घरात का असेना. फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या मुंबईकर गृहस्थांनी याला आव्हान दिलं. त्यांना व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर तर हवीच होती, शिवाय औषधी वाइन आणि ओ-डी-कोलनही! सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायदा मोठ्या प्रमाणात टिकवला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी काढली. १ मे १९६० ला राज्य दुभंगलं. महाराष्ट्राने हळूहळू परवाने सैल केले, गुजरातने केले नाहीत. पण कायदा मूळचा एकच. पुण्या-मुंबईत घरी पार्टी करणाऱ्या किती जणांना माहीत असतं की तिथेही पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण हवं? तेव्हा काका, हसू नका, आपण निदान नियमात आहोत.

यामुळे माझ्या मेन्यूत एक अडचण आली. कॉकटेलचा कडवटपणा आणायला अंगोस्तुरा बिटर्सचे दोन थेंब टाकावेत असं सगळी पुस्तकं सांगतात, पण त्या बाटलीत जवळजवळ ४५ टक्के मद्यार्क असतो. म्हणून तो बाद. कडवटपणासाठी टॉनिक वॉटर घ्यायचं ठरवलं, त्यात क्विनीन असतं. हिवतापाचं औषध सोड्यात घालून विकायचं पेटंट लंडनमध्ये १८५८ ला घेतलं गेलं, आणि साहेबाने ते हिंदुस्थानात मनसोक्त प्यायलं, बहुधा जिन घालून.

पण प्रत्येक पाहुण्याला वेगळा पेला हलवून द्यायचा तर पुन्हा एक माणूस अडकतो. घरासाठी योग्य पेय कॉकटेल नाहीच, त्याच्या आधीचं आहे: पंच. आणि पंचासाठी मला अमेरिकेला जायची गरज नाही. रेल्वेने सव्वा-दीड तासावर सुरत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात 'पंच' हा शब्द १६३२ मध्ये सापडतो. १६३८ मध्ये मँडेलस्लो हा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत पाहुणा होता. तो लिहितो की तिथे 'पालेपुंट्झ' नावाचं एक पेय पितात, त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असते. पुढे जॉन फ्रायर, तोच, जो जुन्नरला गेला होता आणि ज्याचा वृत्तान्त शिवकालाचे अभ्यासक वापरतात, त्याने सांगितलं की पाच जिनसांमुळे या पेयाला 'पाच'वरून नाव पडलं. आपल्याला ऐकायला गोड वाटतं. पण मँडेलस्लोच्या यादीत जिनसा चारच आहेत, आणि काही अभ्यासक हा शब्द 'पंचिअन' या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. मी मराठी मास्तरीण, माझा कल पाचाकडे, पण पैज लावणार नाही.

महत्त्वाचं हे की पंच एका मोठ्या भांड्यात होतो. दुपारी करून ठेवायचा, बाजूला डाव, ज्याने त्याने ओतून घ्यायचं. माझा पंच असा: दारूच्या जागी कडक कोरा चहा (मँडेलस्लोने सुरतेत चहा प्यायल्याचंही लिहिलं आहे), लिंबू, साखर, किसलेलं जायफळ, थोडं गुलाबपाणी, आणि आयत्या वेळी टॉनिक वॉटर. बर्फ लहान खड्यांचा नको, तो विरघळून पंच पाणचट होतो. डब्यात पाणी गोठवून एकच मोठी लादी करायची. या बर्फाचीही एक गंमत. यंत्रं यायच्या आधी तो बोस्टनच्या तळ्यांतून कापून जहाजाने यायचा, कलकत्त्याला १८३३ मध्ये पहिल्यांदा पोचला. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त ओलांडून, आणि तरी बराचसा शिल्लक. मी फ्रीजरचं दार नीट लागत नाही म्हणून कुरकुरते.

आता वही पुन्हा लिहिली आहे. जेवण नाही, आणि निमंत्रणात वेळ 'संध्याकाळी ६ ते ८' असा स्वच्छ लिहिला आहे. नुसत्या खाण्याच्या पार्टीला माणशी दहा घास धरायचे असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे एकशे साठ. कांद्याची आणि काकडीची सँडविचं, सकाळी. चक्का, आदल्या रात्री. भाकरवडी आणि बडोद्याचा लीलो चेवडो, विकतचा, द्रोणांत. चेवडा ओलसर असतो, चमचा लागतो, बिअर्डला चालला नसता. पण बडोद्यात पार्टी आहे, तो असणारच. कोथिंबीरवडी उकडून ठेवलेली, तळायची नाही, गारच, वर खोबरं. चीज आणि पेरू तिखट-मीठ लावून, काडीला. शेवटी तिळाची चिक्की.

वडे काढून टाकले तेव्हा घरात बंड झालं. नवरा म्हणाला, थर्टी फर्स्टला वडे नाहीत? मी म्हटलं, असतील. कढईपाशी दर पंधरा मिनिटांनी माणूस बदलेल. भाजी आणि पीठ मी तयार ठेवीन. फ्रिजवर कागद लावला आहे, वेळ आणि नाव. सहा वाजता नवरा, सव्वासहाला काका, साडेसहाला भाचीचा मित्र, ज्याने आजवर फक्त मॅगी केली आहे. काकांनी दोनदा विचारून घेतलं की ॲप्रन मिळेल ना.

राहिली आई. तिला फोनवर सांगितलं, तू काही करायचं नाहीस. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग मी येऊन करू काय?" हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. एमिली पोस्ट या बाईंचं शिष्टाचारावरचं १९२२ चं पुस्तक आहे, त्यात चहाच्या मेजवानीची एक रीत दिली आहे. चहा ओतायचं काम यजमानीण आपल्या जवळच्या मैत्रिणींना देते, आणि तो मान समजला जातो. ओतणारी मेजापाशी बसून असते आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यापाशी येऊन दोन शब्द बोलतो.

आईला म्हटलं, तू पंचाच्या भांड्यापाशी बसायचंस. खुर्ची ठेवते, उशी ठेवते. डाव तुझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिचा फोन आला. एका पेल्यात किती डाव घालायचे, आणि मधुमेहवाल्यांसाठी बिनसाखरेचं वेगळं पातेलं केलंय का.

ते मी केलं नव्हतं. यादीत वाढवलं आहे.